फाट्यापलीकडचा नकार

माझ्या आईनं आयुष्यात एकही माणूस दारातून परत पाठवला नाही. हे सुरुवातीलाच सांगून टाकते, कारण मोबाइलवर नेमकं याच्या उलट लिहून आलं होतं. आणि मी, अमरावतीच्या एका कॉलेजात ग्रंथालय सांभाळणारी, दिवसभर पोरांना ‘वाचलेलं सगळं खरं धरू नका’ म्हणून सांगणारी बाई, त्या मोबाइलचं खरं धरून बसले.

आई दर्यापूर तालुक्यातल्या आमच्या गावी एकटी राहते. अकोल्याच्या रस्त्यावर एक फाटा लागतो. तिथून आत वळलं की अर्धवट डांबर, मग मुरूम, मग एक नाला आणि गाव. आमच्या पट्ट्यात विहिरींना खारं पाणी लागतं, पण आमच्या वावरातली विहीर कशी कोण जाणे गोडी निघाली. त्या एका विहिरीवर आईनं मेथी, पालक, वांगी आणि सांबार पिकवून मला शिकवलं. सांबार म्हणजे कोथिंबीर. पुण्याच्या वाचकांनी डोळ्यांपुढे इडली आणू नये.

भाजी नुसती पिकवून भागत नाही. ती दारोदार न्यावी लागते. तीस वर्षं आई सकाळी टोपलं डोक्यावर घेऊन निघते आणि आमचं गाव अन् शेजारची दोन गावं पायी फिरते. याला घरात आम्ही फेरी म्हणतो. कोणत्या घरच्या म्हातारीला दात नाहीत म्हणून कोवळा पालक लागतो, कोणत्या घरी बाळ झोपलेलं असतं म्हणून हाक मारायची नाही, हे तिला पाठ आहे. घर बंद दिसलं तर ती जुडी कडीत अडकवते, वर ओलं फडकं टाकते आणि शेजारणीला सांगून पुढे जाते. एकदा एका घरी किडकं वांगं गेल्याचं तिला घरी परतल्यावर आठवलं, तर ही बाई चांगलं वांगं घेऊन भर उन्हात पुन्हा त्या गावाला गेली. तिला कोणी कधी मोबाइलवर चांदण्या दिल्या नाहीत. गिऱ्हाईक खूश आहे की नाही, हे दुसऱ्या दिवशी दार उघडणाऱ्या बाईच्या तोंडावरून तिला कळतं.

अशा बाईला साखर निघाली. साखर निघाली त्याचं तिला फार वाटलं नाही, चहा फिका झाला एवढंच. पण मागच्या उन्हाळ्यात तिच्या टाचेत बाभळीचा काटा मोडला आणि तीन दिवस तिला पत्ताच नव्हता. सारवलेल्या ओट्यावर लाल ठिपके दिसले तेव्हा तिला वाटलं, मांजरीनं काही मारून आणलं. मी तिला अकोल्याच्या डॉक्टरकडे नेलं. त्यांनी तळपायाला सुई टोचली, आई खिडकीबाहेर बघत बसली होती. ते म्हणाले, पायाची जाणीव गेली आहे, आता जखम चिघळली तर पाय वाचवणं आमच्या हातात नाही. उघडी चप्पल बंद, मऊ तळाचे बंद जोडे घाला आणि जमलं तर हे फिरणं सोडा.

“फेरी सोडून मंग मी पायाचं करू काय?” आई त्यांना म्हणाली. डॉक्टर हसले. मला हसू आलं नाही.

त्या दिवशी अकोल्यात आम्ही पाच-सहा दुकानं पालथी घातली. साखरेच्या पायाचे जोडे होते, पण पुरुषी मापाचे, नाहीतर शहरातल्या अरुंद पायांचे. आईचा पाय पुढून पसरट. शेवटी घरी येऊन मी मोबाइल काढला. तिला वर्तमानपत्रावर उभं करून पेन्सिलीनं पायाची कड मारून घेतली. उभं राहायच्या आधी तिनं मला पान उलटून पाहायला लावलं, खाली कोणा देवाचा नाहीतर मेलेल्या माणसाचा फोटो तर नाही ना. मग माप जुळवून, रुंदी बघून, मी मोबाइलवरच्या एका दुकानातून राखाडी रंगाचे जोडे मागवले.

पत्ता मी माझा टाकत होते. अमरावतीला पार्सल दारात येतं, कॉलेजातून आले की ओट्यावर पडलेलं असतं. रविवारी गावी घेऊन गेले असते. आईनं माझा हात धरला.

“तीस वर्सं झाले, मी लोकाइच्या दारी जाऊन राहिली. एक खेप कोनी माह्या दारी तं येऊ दे.”

मी गावचा पत्ता टाकला. तो मोबाइल फ्लॅट नंबर आणि इमारतीचं नाव विचारत होता. मी लिहिलं, मारोतीच्या पारामागे, हिरवं फाटक, गोड्या विहिरीवाल्या बाईचं घर. त्यानं ते निमूट घेतलं. फोन नंबर मात्र मी माझाच दिला, कारण आईच्या साध्या फोनवर आलेले संदेश वाचायला तिला कोणीतरी शोधावं लागतं. ही चूक माझी.

चार-पाच दिवसांनी सकाळी संदेश आला, पार्सल आज पोहोचेल. मी आईला कळवून कॉलेजात गेले. दुपारी तीनच्या सुमारास दुसरा संदेश आला, ‘ग्राहकाने पार्सल घेण्यास नकार दिला.’

माझं डोकं सटकलं. आईचा स्वभाव मला माहीत. स्वतःसाठी काही घ्यायचं म्हटलं की तिचा हात आखडतो. मी घेऊन दिलेल्या साड्या पेटीत घडीनं पडलेल्या आहेत. मला वाटलं, जोडे दारात आले, हिला वाटलं एवढे भारी जोडे कशाला, आणि दिले परत पाठवून. मी ग्रंथालयाच्या व्हरांड्यात येऊन फोन लावला आणि सरळ सुरू झाले.

“आई, तू नाही काहून म्हटलं त्याले?”

“कोनाले?”

“जोडेवाल्याले! पाय तोडून घ्याचा हाये का तुले?”

ती म्हणाली, “मी नाही म्हटलं नाही.”

“मोबाइलमधी लिहून आलं ना! तू नकार देला म्हनून.”

“मी नाही म्हटलं नाही,” ती पुन्हा म्हणाली.

“मंग ते काय खोटं लिहितीन?”

“मंग त्या मोबाइललेच माय म्हन,” ती म्हणाली आणि फोन ठेवून दिला.

मी रागात मोबाइलवरच्या त्या दुकानाच्या मदत केंद्राला फोन केला. तिथल्या बाईनं गोड आवाजात सांगितलं, मॅडम, सिस्टिममध्ये तसंच दिसतंय, कस्टमरनं रिफ्यूज केलं. तुम्ही पुन्हा ऑर्डर करू शकता. मी म्हटलं, माझी आई म्हणते तिनं नाही म्हटलं नाही. त्या म्हणाल्या, हो मॅडम, पण सिस्टिममध्ये तसंच दिसतंय. शेवटी एक यांत्रिक आवाज आला, आमच्या सेवेनं समाधानी असाल तर पाच दाबा, नसाल तर एक दाबा. मी एक इतक्या जोरानं दाबला की अंगठा दुखला. तो आवाज म्हणाला, धन्यवाद.

पुढचे आठ दिवस आई माझ्याशी बोलली नाही. म्हणजे फोन उचलायची, ‘हं’ म्हणायची आणि शेजारच्या काकूंच्या हातात द्यायची. त्या काकूंनीच मला त्या दिवशीचं सांगितलं.

त्या दिवशी आई फेरीला गेलीच नव्हती. तीस वर्षांत आजारपण आणि मौती सोडल्या तर ती कधी घरी बसली नव्हती. तिनं सकाळी अंगणात सडा टाकला, माठ घासून ताजं पाणी भरलं, चहासाठी दूध घेऊन ठेवलं. माणूस दर्यापूरहून निघणार म्हणजे जेवणाच्या वक्ताला येणार, असा हिशेब करून वांग्याची भाजी आणि भाकरी केल्या. मग फाटक उघडं टाकून ओट्यावर बसली. काकूंनी जेवायला ये म्हटलं तर म्हणाली, मानूस येऊन गेला तं? सावली ओट्यावरून सरकत अंगणाच्या दुसऱ्या टोकाला गेली, तरी ती तिथंच होती. फाटकाशी कोणी म्हणता कोणी आलं नाही. मग माझा फोन आला.

“वांग्याची भाजी तशीच होती व बाई सांजच्यापर्यंत,” काकू म्हणाल्या. “अन् आता ते जुन्या चपलीले चिंधी बांधून फेरीले जाऊन राहिली. तू ये एकडाव.”

मला इतकी लाज कधी वाटली नव्हती. एका अनोळखी माणसाच्या बोटानं दाबलेल्या एका बटणावर मी विश्वास ठेवला, आणि जिनं मला बोलायला शिकवलं तिला खोटं ठरवलं. दुसऱ्याच दिवशी रजा टाकून मी गावी गेले.

आई ओट्यावर मेथी निवडत होती. मी तिचे पाय आधी पाहिले. टाचेला नवा ओरखडा होता, तिला माहीत नव्हता. मी औषध लावलं, तिनं लावू दिलं. मी म्हटलं, मी दुसरे जोडे मागवते, अमरावतीला, आले की लगेच हातात आणून देते.

“मले जोडे नको,” ती म्हणाली. “आधी मी नाही म्हटलं नाही, हे त्याइच्याकून लिहून आन.”

“आई, ते कंपनीवाले असं लिहून देत नसतात.”

“खोटं लिहून देतात, मंग खरं काहून नाही देत?”

मी टाच दाखवली, डॉक्टरची आठवण दिली, रागावले, रडले. ती ढिम्म हलली नाही. उद्या गावात झालं की ही बाई वस्तू मागवते अन् दारातून वापस करते, तर तिच्या शब्दावर मेथी कोण घेईल, असं तिचं म्हणणं होतं. पाय तिचा होता आणि नावही तिचंच होतं. त्यातलं आधी काय वाचवायचं, हे ती मला ठरवू देणार नव्हती.

म्हणून आम्ही दोघी दर्यापूरला गेलो. मोबाइलवर पार्सल जिथून ‘परत’ निघाल्याचं दाखवत होतं, ती जागा बसस्टँडच्या मागे, शटरची एक खोली निघाली. आत खोक्यांचा ढीग, एक वजनकाटा, एक खुर्ची आणि त्या खुर्चीत पन्नाशीचा, घामेजलेला एक माणूस. तोच नोंदी करायचा आणि तोच गाडी घेऊन वाटायला जायचा. मी तोंड उघडलं ते भांडायलाच. मोबाइल वर धरला, म्हटलं तुमचा व्हिडिओ काढते आणि सगळीकडे पाठवते. आईनं माझा हात खाली केला.

“तू गप. तुह्या मोबाइलनं एक डाव पाहून घेतलं.”

मग ती त्या माणसाकडे वळली. गावाचं नाव सांगितलं, हिरवं फाटक सांगितलं. म्हणाली, “भाऊ, तू आलता का माह्या घरी?”

त्यानं वहीत बघितल्यासारखं केलं, मग वही मिटली. “नाही मावशी. खरं सांगतो. फाट्याच्या आत मी गाडी घालतच नाही. एक गाडी, अन् अर्धा तालुका. ‘घर बंद’ लिहिलं तं दुसऱ्या दिवशी पुन्ना जा लागते. ‘फोन लागला नाही’ लिहिलं तं पुन्ना जा लागते. ‘नकार’ लिहिलं का माल वापस, खेल खतम.”

“म्हंजे फाट्याच्या आतले सारेच नाही म्हनतात?”

“कागदावर म्हनतात, मावशी.”

माझ्या अंगाची लाही झाली. तीन गावं, शे-दीडशे उंबरे, आणि या माणसानं एका खुर्चीत बसून त्या सगळ्यांच्या तोंडी ‘नाही’ घातलं होतं. आईनं मात्र भलतंच विचारलं.

“मी तुह्यासाठी वांग्याची भाजी करून ठेवली होती. तू जेवला कुठी त्या दिवशी?”

तो माणूस चपापला. “त्या दिवशी... समोसा खाल्ला असन स्टँडवर.”

“पाह्य बरं. खोटं लिहून जेवन बी बुडालं तुह्यं.”

तो खाली मान घालून हसला आणि मग हसू आवरून तसाच बसला. आई ढिगाकडे गेली. परत जाणारी खोकी एका कोपऱ्यात होती. तिनं मला त्यांवरची नावं आणि आतल्या मालाची नोंद वाचायला लावली. एका खोक्यात नव्या सुनेनं मागवलेली शिवणाची कात्री, एकात कोणाच्या बाळाची दुपटी, एकात दात नसलेल्या त्याच म्हातारीसाठी नातवानं पाठवलेली गरम पाण्याच्या शेकाची पिशवी. प्रत्येक नावाला आई म्हणत होती, हे घर माह्या फेरीवर हाये. हे बाई नाही म्हननारी नाही. हे बी नाही.

मग तिनं कागद मागितला. तो म्हणाला, मावशी, लिहून देलं तं माह्यी नोकरी जाईन. ती म्हणाली, “तुह्यी नोकरी तुले प्यारी हाये, तसं माह्यं नाव मले प्यारं हाये. मी तुह्या सायबाले दाखवत नाही. मले दे.” आणि ती टोपलं उतरवून ठेवल्यासारखी त्या खोलीच्या उंबऱ्यावर बसली. लोक पार्सल घ्यायला येत होते, तिला ओलांडून आत जात होते. ती उठत नव्हती. अर्ध्या तासानं त्या माणसानं एका जुन्या पावतीच्या पाठीवर लिहिलं, ‘मी त्या दिवशी गावात गेलो नाही. मावशींनी नकार दिला नाही.’ खाली सही केली. आईनं ती पावती घडी करून पदराच्या गाठीत बांधली.

परतताना आम्ही फाट्यापर्यंतच्या जीपमध्ये बसलो. मागच्या बाकड्यांवर माणसं दाटीवाटीनं बसली होती, पायांत सोयाबीनच्या बियाण्याच्या थैल्या. जीप दर्यापुराबाहेर पडली तशी आईनं गाठ सोडली आणि पावती माझ्या हातात दिली.

“वाच.”

मी हळू आवाजात वाचली.

“पुन्ना वाच. मोठ्यानं.”

मी मोठ्यानं वाचली. समोरच्या फेटेवाल्या बाबांनी मान वर केली.

“आता सांग, मी फोनवर काय म्हटलं होतं?”

“तू म्हटलं, मी नाही म्हटलं नाही.”

“किती डाव म्हटलं?”

“दोन डाव.”

“अन् तू काय म्हटलं?”

सगळी जीप ऐकत होती. मला तिथंच उतरून पळून जावंसं वाटलं. “मी म्हटलं, मोबाइलमधी लिहून आलं.”

“हं,” आई म्हणाली.

तेव्हा मला कळलं की ती दर्यापूरला त्या माणसाशी लढायला गेलीच नव्हती. तो खोटं लिहील, नाहीतर आणखी काही करील, तो कोण लागत होता तिचा? तिला ती पावती मला दाखवायची होती. माझे डोळे भरून आले. मी म्हटलं, “चुकलं माह्यं, आई.” तिनं पिशवीतून एक काकडी काढली, पदराला पुसली, मोडली आणि मोठा तुकडा मला दिला. फेटेवाले बाबा खिडकीबाहेर बघू लागले.

त्याच दिवशी मी जोडे पुन्हा मागवले, गावच्याच पत्त्यावर. यायच्या दिवशी मी पुन्हा रजा टाकली. आई म्हणाली, ये, या खेपेस डोयानं पाह्य. सडा पडला, माठ भरला, वांग्याची भाजी झाली. बाराच्या पुढे फाटकाशी मोटरसायकल थांबली. तोच माणूस होता. नाल्यातून गाडी येत नाही म्हणून मोटरसायकल घेऊन आला होता. पाठीवर बोचकं होतं. आईनं त्याला पाणी दिलं, मग ताट वाढलं. तो दोन भाकरी जेवला, तिसरीला नको म्हणाला, आईनं ती वाढलीच. मग त्यानं खोकं दिलं. मी आईच्या पायात जोडे घातले. ती ओट्यावरून फाटकापर्यंत गेली आणि परत आली. म्हणाली, खालचं काहीच कळून राहिलं नाही, पन आधी बी कुठी कळत होतं? मग हसली. मी तिला असं हसताना फार दिवसांनी पाहत होते.

निघताना तो माणूस घुटमळला. मला म्हणाला, “ताई, मोबाइलवर पाच चांदण्या टाकता का? कमी पडल्या तं वरून बोलनी बसते.”

“ते काय असते?” आईनं विचारलं.

“मावशी, मालानं तुमी किती खूश झाल्या, ते.”

आईनं त्याच्या बोचक्याकडे पाहिलं. “कात्री आनली का त्या सुनेची?”

त्यानं बोचक्याची गाठ आवळली.

“त्या म्हातारीचा शेक?”

“ते वापस गेले, मावशी. आता पुन्ना मागवा लागतीन.”

“मागवतीन ते. मी सांगीन फेरीत. तू घेऊन ये. घरोघरी.” मग मला म्हणाली, “तोवर चांदन्या देऊ नको.”

मी द्यायला तयार होते, खरं सांगते. माणूस उन्हातून आला होता, जेवला होता, वाईट नव्हता. पण आईनं तोंड उघडलं होतं आणि एकदा तिच्या शब्दाहून मोबाइल खरा धरून मी भरपूर भोगलं होतं. मी मोबाइल पर्समध्ये टाकला. तो समजल्यासारखी मान हलवून निघून गेला.

आई आता राखाडी जोडे घालून फेरीला जाते. टोपल्याच्या तळाशी प्लॅस्टिकच्या पिशवीत ती पावती असते. ज्या घरचं पार्सल ‘नकार’ होऊन परत गेलं, त्या घरी ती मेथीसोबत ती पावती काढते आणि सुनेला म्हणते, वाच, तू बी नाही म्हटलं नाही. बायका वाचतात, आधी हसतात, मग संतापतात. आता ज्या घरी पार्सल येणार असतं त्या घरून दर्यापूरच्या त्या खोलीत सकाळीच फोन जातो, आमी घरीच हाओ, ये. तो माणूस कधी येतो, कधी येत नाही. कात्री आली. दुपटी आली, पण तोवर बाळ बसायला लागलं होतं. म्हातारीचा शेक अजून यायचाय.

आणि तो मोबाइल मला दर दोन दिवसांनी विचारतो, तुम्ही आमच्या सेवेनं किती समाधानी आहात? पाच रिकाम्या चांदण्या दाखवतो. मी आईला फोन करून विचारते, आला का शेक? ती म्हणते, नाही. मग मी म्हणते, मंग नाही.

विचारत राहू दे त्याला. लिहावं म्हणावं आता तुमच्या सिस्टिममध्ये, ग्राहकाने नकार दिला. आता ते खरं आहे.